टेबलक्लॉथ कुठे ठेवावा: वऱ्हाडी गृहस्थांसाठी मार्गदर्शन

टेबलक्लॉथ नीट ठेवायचा असेल तर तो टेबलावर ठेवावा, एवढंच या मार्गदर्शनाचं सार आहे. पण इतक्या साध्या गोष्टीवर अमरावती-अकोल्याच्या सुजाण गृहस्थांचा विश्वास बसणार नाही, म्हणून सविस्तर विवेचन करणं भाग आहे. प्रचलित पद्धत अशी की कापड जितकं चांगलं, तितकी त्याची जागा खोल. लग्नात आहेर आलेला सहा नॅपकिनांचा सेट खोक्यातून बाहेरच निघत नाही. आतला पुठ्ठा, टाचण्या, वरचं लेबल सगळं जसंच्या तसं राखलं जातं, कारण पुढच्या उन्हाळ्यात कुणाचं तरी लग्न निघतंच आणि आहेर पुढे सरकवता येतो. जो सरकवता येत नाही, म्हणजे मामेसासऱ्यांनी दिलेला, त्याची रवानगी दिवाणाच्या पोटात होते. टेबलावर बारमाही रेक्झिन.

दिवाणाची ही व्यवस्था जरा बारकाईने पाहण्यासारखी आहे. चांगला टेबलक्लॉथ राखलेला असतो तो पाहुण्यांसाठी. पाहुणे येतात आणि बैठकीत बसतात, म्हणजे दिवाणावरच बसतात. कापड काढायचं तर तक्के, चादर, गादी, फळी या क्रमाने सगळं उचलावं लागतं, आणि त्याआधी पाहुण्यांना. हे शिष्टाचारात बसत नाही. पाहुणे आपण होऊन उठतात तेव्हा ते चपला शोधत असतात. त्यामुळे कापड कोरंच राहतं, आणि ‘पहा, किती जपून ठेवलंय’ म्हणून पुढच्या पिढीला सांगितलं जातं.

पण कोरं म्हणजे धड, असं नव्हे. खळ दिलेलं सुती कापड बंद जागेत पडून राहिलं की कसर लागते; तिला सुतापेक्षा खळीतला स्टार्च अधिक आवडतो. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेलं कापड नेमकं घडीवर विरतं. पुठ्ठ्यातलं आणि वर्तमानपत्राच्या कागदातलं आम्ल त्याला पिवळं करतं, धुताना राहून गेलेला तेलाचा अंश उरलंसुरलं काम पुरं करतो. त्यात आपलं हवामान. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, हवा कोरडीठाक असते, तेव्हा कापडाला धोका नसावा. पण दिवाण असतो त्याच खोलीत आपण कूलर लावतो, आणि घरातली एकुलती एक दमट जागा त्या कापडाच्या वाट्याला येते. डांबरगोळ्या किडीला अडवतात, दमटपणाला नाही. शिवाय डांबरगोळ्यांच्या वासात मुरलेल्या नॅपकिनाने तोंड पुसलं की पुरणपोळीही औषधासारखी लागते.

यावर पहिला आक्षेप डागांचा. ‘अन् वांग्याच्या भाजीची तर्री सांडली त मंग?’ आक्षेप रास्त आहे. रोडगे-वांग्याच्या जेवणात डाग हा अपघात नसतो, तो जेवणाचाच भाग असतो. पण रसायनशास्त्र आपल्या बाजूचं आहे. हळदीतलं कर्क्युमिन साबण लागताच लाल होतं आणि घरात हाहाकार उडतो. हेच कर्क्युमिन उन्हापुढे मात्र टिकत नाही. धुतलेलं ओलं पांढरं कापड गच्चीवर टाकावं, दोन-चार उन्हं खाऊन डाग फिका पडत जातो. तेलावर आधी बेसन दाबून ते टिपून घ्यावं. रंगीत कापड उलटं करून सावलीत वाळवावं, नाहीतर डागासोबत रंगही जातो.

दुसरा आक्षेप, हे इंग्रजी थेर आपल्याला कशाला? अचलपूर-बाळापूरच्या मुसलमान घरांत दस्तरखान अंथरून जेवायची जुनी रीत आहे. टेबल नव्हतं, कापड होतं. आणि इंग्रजांचंच म्हणाल तर १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात अमेरिकेचा कापूस अडला, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानच्या कापसाकडे धाव घेतली. अमरावतीच्या नावावरून इकडचा कापूस व्यापारात ‘उमरा’ म्हणून ओळखला जाई. १८६७ मध्ये भुसावळहून नागपूरला पोचलेली रेल्वेही अकोला-बडनेऱ्यावरूनच गेली. उमरा आखूड धाग्याचा, तलम कापड त्याचं होत नसे. पण जेवणाच्या टेबलावर तलम हवंय कुणाला? जाडंभरडं सूत सांडलेलं लवकर टिपतं. जगाला कापूस पुरवणाऱ्या मुलखाने जेवताना रेक्झिनला कोपरं चिकटवून बसावं, हा सरळसरळ तोट्याचा सौदा आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत बळकट: टेबलावर जागाच नाही. तिथे लाइटबिल, बीपीच्या गोळ्या, लोणच्याची बरणी आणि इस्त्रीचे कपडे असतात, आणि घरचे टीव्हीसमोर खाली बसून जेवतात. इथे मार्गदर्शक निरुत्तर आहे. अशा घरांनी कापड बरणीखाली घालावं. निदान उजेड तरी लागेल.

बाकीच्यांसाठी कृती सोपी आहे. तीन टेबलक्लॉथ पुरे: एक टेबलावर, एक धुण्यात, एक हाताशी. जास्तीचे असतील ते लेकीबाळींना वाटावेत. तरीही काही ठेवायचेच झाले तर खळ काढून, धुऊन, घडी न घालता गुंडाळावेत, जुन्या धुवट धोतरात बांधावेत, सोबत वाळलेला निंबाचा पाला घालावा, आणि गाठोडं कूलरपासून लांब, उंचावर ठेवावं. वर्षातून एकदा वैशाखात ऊन दाखवावं, आणि कापड गार झाल्यावरच पुन्हा बांधावं. मृग ७ जूनच्या सुमारास लागतो. त्याच्या आत हे उरका, पुढचं भरवशाचं ऊन थेट दसऱ्याच्या आगेमागे.