ॲम्पिअरकाका

आमच्या सोसायटीत ॲम्पिअरकाकांचं खरं नाव फक्त पोस्टमनला ठाऊक. बँकेतून निवृत्त झाल्यावर माणसं चारधामला जातात. काकांनी फोर बाय फोर घेतली, टपावर २०० वॅटचं सोलर पॅनेल ठोकलं आणि "आता रानात राहायचं" असं जाहीर केलं. प्रत्यक्षात मुक्काम असतो तो पुण्याच्या तपकीर गल्लीत. वायर घेताना ते आधी तिचं टोक सोलून तांब्याच्या तारा मोजतात. दुकानदार दुपारची झोप तेवढ्यात उरकतो.

काम मात्र चोख, हे मानायलाच हवं. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरावर फ्यूज, प्रत्येक जोडावर हीट श्रिंक, वायरींवर लेबलं. लेबलं काकूंच्या मसाल्याच्या बरण्यांची, उलटी चिकटवलेली. घाईत एक सुलटं राहिलंय, त्यामुळे पंख्याच्या वायरवर 'धणेपूड' आहे.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, १०० ॲम्पिअर-आवर. "१२.८ गुणिले १००, म्हणजे १,२८० वॅट-आवर!" हे काका नातवाच्या मार्कांसारखं सांगतात. साधी लेड-ॲसिड निम्म्याखाली उतरवली की लवकर म्हातारी होते, ही बिनतक्रार ८० टक्के देते, वगैरे. बॅटरी ब्लूटूथने फोनशी जोडलेली. "काका, कसं काय?" विचारलं, की ते खिशातून फोन काढून म्हणतात, "सत्त्याऐंशी."

मे अखेरीला काजवे बघायला आम्ही भंडारदऱ्याला गेलो. सगळ्यांच्या गाड्या हिरड्याखाली, काकांची भर उन्हात. फांदीची सावली कोपऱ्यावर पडली तरी पॅनेल मान टाकतं म्हणे. काकू आत भाजत होत्या. गार पाणी मागायची सोय नव्हती, कारण फ्रिज उघडला की कंप्रेसर सुरू होतो आणि ५० वॅट खातो. तो फ्रिज भरलेला मी कधी पाहिला नाही. उघडाच पाहिलेला नाही, तर भरलेला कुठून?

रात्री काकांनी मोठ्या समारंभाने एलईडीची पट्टी लावली. झाड लखलखलं. चहूकडून ओरडा झाला, "अहो, दिवा बंद करा!" काजव्यांचे नर चमकून मादीला खुणावतात, उजेडात कोण कोणाला दिसणार? पाहायला आलेला सारा गाव अंधारासाठी भांडत होता आणि काकांकडे अंधार सोडून सगळं होतं.

सकाळी दहालाच बॅटरी शंभरावर. कंट्रोलरने पॅनेलकडून वीज घेणंच जवळपास थांबवलं. काकांचा जीव कासावीस. "ऊन वाया चाललंय हो!" म्हणत ते तंबूतंबूंतून फिरू लागले.

"बाळा, मोबाइल चार्ज करायचाय का?"

"काका, पॉवर बँक आहे."

"मग ती दे!"

काकूंनी हाक मारली, "अहो, एवढी उतू चालली आहे, तर इंडक्शनवर चहा टाकू का?"

काका जागीच थबकले. "चहासाठी? पंधराशे वॅट? अगं, बॅटरीतून सव्वाशे ॲम्पिअर ओढले जातील!"

काकूंनी तीन दगडांच्या चुलीवरून पातेलं उतरवलं, सगळ्यांचे कप भरले आणि काकांना म्हणाल्या, "तुमचा फोनवर बघा."