पॅकेज नंतर विचारा, काम आधी बघा

विरारला पूर्वेला उतरा नाहीतर पश्चिमेला, जिना संपायच्या आत क्लासची जाहिरात समोर येते. फुल स्टॅक, डेटा सायन्स, एआय, सायबर सिक्युरिटी. खाली जाड अक्षरांत ‘शंभर टक्के नोकरीची हमी’. निकालाचे दिवस आले की हे फलक वाढतात आणि घराघरांत एकच प्रश्न सुरू होतो, पोराला कुठल्या फील्डला टाकायचं? म्हणून या आठवड्यात सरळच लिहितो. हमी देणाऱ्याला पैसे देऊ नका. नोकरी कंपनी देते, क्लास देत नाही.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या फसव्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. निवडीची आणि नोकरीची खोटी आश्वासनं त्यात मना केली आहेत. यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो त्याच्या लेखी संमतीशिवाय जाहिरातीत टाकायलाही बंदी घातली. फसवणूक झाली असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, तो फिरवा. पण त्याहून सोपी परीक्षा फी भरण्याआधीची. गेल्या वर्षी नोकरीला लागलेल्या पाच मुलांशी बोलू द्या, असं काउंटरवर म्हणा. टाळाटाळ झाली तर पाकीट खिशात ठेवून घरी या.

तरी सगळा दोष क्लासवाल्यांच्या माथी मारून चालणार नाही. त्यांचा धंदा चालतो तो आपण रिकामी ठेवलेल्या जागेवर. सतरा वर्षांची मुलगी बीएस्सी आयटीला प्रवेश घेते. का? मामेभाऊ त्यात आहे, इंजिनीअरिंगची फी झेपत नाही, आणि ‘आयटीत पैसा आहे’. तिला विचारा, ऑफिसात सकाळी दहा वाजता बसल्यावर तू नेमकं काय करणार? उत्तर येत नाही. वडिलांना येत नाही, काकांना येत नाही, आणि कित्येकदा शिकवणाऱ्यांनाही येत नाही, कारण त्यांनी कंपनीत कधी कोड लिहिलेला नसतो. लग्न जमवताना आपण मुलाचं घर बघून येतो, आणि चाळीस वर्षं करायचं काम न बघताच ठरवतो.

तर ते काम असं असतं. डेव्हलपर म्हणजे दिवसभर नवंकोरं काहीतरी रचणारा माणूस, हे चित्र डोक्यातून काढा. सुरुवातीची एक-दोन वर्षं दुसऱ्याने लिहिलेला, बहुधा नीट न लिहिलेला कोड वाचण्यात जातात. एक तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, येते: पुण्याच्या ग्राहकाचं बिल दोनदा निघालं. का निघालं ते शोधायचं. डेटाबेसमध्ये बघायचं, लॉग चाळायचे, चूक सापडली की तीन ओळी बदलायच्या, त्या तीन ओळींनी दुसरं काही मोडलं नाही याची खात्री करायची, वरिष्ठाला दाखवायचं आणि त्याने परत पाठवलं की पुन्हा बसायचं. ज्याला गाठ सुटेपर्यंत जागचं उठवत नाही, त्याला या कामात आनंद आहे. ज्याला माणसांत बोलून कामं मार्गी लावायला आवडतं, त्याने व्यवसाय समजून घेऊन गरज लिहून काढण्याच्या कामाकडे बघावं. ज्याला दुसऱ्याची चूक झटकन दिसते, त्याने टेस्टिंगकडे जावं. टेस्टिंगला गेलेल्याला कमी लेखायची जी रीत आपल्या कॉलेजांत आहे, ती बंद व्हायला हवी. चाचण्यांचा कोड लिहीत लिहीत डेव्हलपमेंटमध्ये गेलेली माणसं या धंद्यात भरपूर आहेत.

आता पैशाचं. मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्या नव्या मुलांना घेतात ते वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास, आणि हा आकडा गेली दहा-बारा वर्षं जवळपास तिथेच आहे. या काळात विरारचं घरभाडं कुठून कुठे गेलं ते भाडं भरणाऱ्यांना सांगायला नको. २०२२ मध्ये ऑफर हातात पडलेल्या कित्येक मुलांना इन्फोसिसमध्ये रुजू व्हायला २०२४ उजाडलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिच्या मैसूर केंद्रातून तीनशेहून जास्त प्रशिक्षणार्थींना अंतर्गत परीक्षेत नापास म्हणून घरी पाठवलं. त्याच वर्षी जुलैत टीसीएसने बारा हजारांवर माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं, त्यातली बहुतेक मधल्या आणि वरच्या फळीतली. हे वाचून घाबरून फील्ड सोडायची गरज नाही. पण ‘एकदा मोठ्या कंपनीत लागला की सुटला’ हे वाक्य घरातून हद्दपार करा.

आणि विरारकरांसाठी पगाराच्या बरोबरीने महत्त्वाची असते ती जागा. १२ एप्रिल १८६७ ला विरारहून बॅकबेला पहिली लोकल गेली, तेव्हापासून हा गाव पोटासाठी दक्षिणेकडे जातो आहे. अंधेरीत १९७३ मध्ये सीप्झ हे निर्यातीसाठीचं औद्योगिक क्षेत्र उभं राहिलं. विरारहून अंधेरी साधारण ३८ किलोमीटर, जलद गाडीलाही पाऊण तासाच्या पुढे. मालाड-गोरेगाव त्या मानाने सोसतं. पण नवी मुंबईतल्या ऐरोलीची ऑफर आली तर विरार ते दादर, दादर ते ठाणे, ठाणे ते ऐरोली, आणि तेवढंच परत. एचआरला पॅकेज विचारायच्या आधी विचारा: ऑफिस कुठे, आठवड्यातले किती दिवस, शिफ्ट कुठली, प्रोजेक्टवर की बेंचवर, म्हणजे कामाविना बसून, आणि काम डेव्हलपमेंटचं की सपोर्टचं? ‘डेव्हलपर’ म्हणून घेऊन रात्रीच्या सपोर्टला बसवलेली मुलं मला दर पावसाळ्यात भेटतात. नेमणूकपत्रात पदाचं नाव असतं, कामाचं नसतं. ते आधीच विचारून घ्यावं लागतं.

बाँडचंही बघा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास २ लाख रुपये भरायची अट वैध ठरवली. बँक सरकारी होती, पद वरचं होतं, भरतीचा खर्च हा मुद्दा होता. त्यामुळे कुठल्याही कंपनीने लिहून घेतलेला कुठलाही बाँड टिकेल असं नाही. पण ‘बाँडला कोण विचारतो’ म्हणत सही ठोकायचे दिवसही गेले. आणि मूळ मार्कशीट जमा करा म्हणणाऱ्या कंपनीच्या दारातून मागे फिरा.

मग डेव्हलपमेंटमध्ये शिरायचं कसं? ‘फ्रेशर हवा, अनुभव एक वर्ष’ असल्या जाहिरातींपुढे डोकं आपटून काही होत नाही. अनुभव स्वतः तयार करावा लागतो, आणि तो विरारमध्ये बसून करता येतो. यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

आपल्या कॉलेजांत शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट असतो. दरवर्षी तीच लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम, आणि अनेकदा तीही चार-पाच हजारांत विकत घेतलेली. मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडं पडतं. त्यापेक्षा आपल्या सोसायटीत बघा. पाण्याचा टँकर कधी आला, किती लिटरचा, कुणी सही केली, महिन्याचं बिल किती, याचा हिशेब वॉचमनच्या वहीत असतो आणि दर सर्वसाधारण सभेत त्यावरून भांडण होतं. याचं एक साधं ॲप करा. वॉचमनला मोबाइलवर वापरता येईल असं, मराठीत, रेंज गेली तरी नोंद न हरवणारं. सहा महिने ते चालवा. वॉचमनने काय चुकीचं दाबलं, सेक्रेटरीने काय बदल मागितले, कुठे हिशेब जुळेना, हे सगळं मुलाखतीत सांगा. ते ऐकणारा माणूस खुर्चीत पुढे सरकतो. एआय आता नवशिक्याचा कोड क्षणात लिहून देतं हे खरं आहे, त्यामुळे नुसता कोड लिहिणाऱ्याची किंमत उतरली. वॉचमनची अडचण मात्र एआयला तुम्हालाच सांगावी लागते, आणि त्याने लिहिलेलं बरोबर आहे का हेही तुम्हालाच कळावं लागतं.

वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवऱ्यात छोट्या कारखान्यांचे गाळेच गाळे आहेत. जॉब वर्कला कुठला माल गेला, परत किती आला, चलान कुठे आहे, हे कित्येक ठिकाणी अजून वहीत आणि व्हॉट्सॲपवर चालतं. इथे एक मुंबईचं उदाहरण फार मोलाचं आहे. रुषभ मेहता शिकले होते औद्योगिक अभियांत्रिकी. घरच्या फर्निचरच्या व्यवसायात ईआरपी, म्हणजे धंद्याचा सगळा हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, बसवायचा प्रयत्न फसला, तेव्हा ते स्वतःच ते लिहायला बसले. त्यातून ईआरपीनेक्स्ट उभं राहिलं, मुंबईची फ्रॅपे कंपनी उभी राहिली. त्या सॉफ्टवेअरचा सगळा कोड खुला आहे. विरारचा मुलगा आज रात्री तो उघडून वाचू शकतो, एका गाळ्यावर बसवून देऊ शकतो, त्यात चूक सापडली तर दुरुस्त करून पाठवू शकतो. ती दुरुस्ती स्वीकारली गेली की त्याच्या नावावर जगासमोर राहते. कॉलेज कुठलं, हा प्रश्न तिथे येत नाही.

आयआयटी मुंबईच्या फॉसी या खुल्या सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाचंही तेच. त्यांच्या उन्हाळी फेलोशिपसाठी आधी एक काम करून दाखवावं लागतं, त्या कामावर निवड होते. तिथल्याच स्पोकन ट्युटोरियलवर प्रोग्रॅमिंगचे पाठ मोफत आहेत, मराठीतूनही. पैसे भरून शिकायचंच असेल तर सी-डॅक या सरकारी संस्थेचा सहा महिन्यांचा डॅक अभ्यासक्रम बघा. सी-कॅट ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, फी काही स्वस्त नाही, मेहनत घाम काढणारी आहे. पण प्रवेश गुणांवर मिळतो आणि कॅम्पसला कंपन्या येतात.

महापालिकेलाही एक सांगणं आहे. राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आणली, पदवीधराला महिना १० हजार रुपये विद्यावेतन. अशा योजनेतून बीएस्सी आयटी झालेला मुलगा सरकारी कार्यालयात येतो आणि एक्सेलमध्ये नावं भरत बसतो, तर त्याचे महिने फुकट गेले आणि जनतेचे पैसेही. वसई-विरार महापालिकेकडे पाण्याच्या तक्रारी आहेत, नालेसफाईचे हिशेब आहेत, बंद पथदिव्यांची यादी आहे. एका जाणत्या अभियंत्याच्या हाताखाली चार मुलं द्या आणि एक प्रभाग हाती घ्या. इथल्या कॉलेजांनी त्यासाठी महापालिकेच्या दारात जाऊन बसावं. विवा आहे, वसईला वर्तक आहे, विद्यावर्धिनीचं अभियांत्रिकी आहे. मुलांची कमतरता नाही.

आणि सगळ्यात मोठी मागणी रोज सकाळी विरार फास्ट पकडणाऱ्यांकडे. त्या गाडीत उभे असलेले कितीतरी जण डेव्हलपर आहेत, टेस्टर आहेत, टीम लीड आहेत. तुमच्या इमारतीत बारावी झालेलं एखादं पोर आहे, आणि त्याचे आईवडील या आठवड्यात कुठल्या तरी क्लासला पन्नास हजारांचा पहिला हप्ता भरायच्या बेतात आहेत. शनिवारी त्याला घरी बोलवा. ऑफिसचं काही दाखवू नका, गोपनीयतेचा प्रश्न येतो. खुला कोड उघडा, एक खरी चूक शोधा आणि ती त्याच्यासमोर दुरुस्त करा. दोन तास बसवा. त्याला आवडलं तर पुढच्या शनिवारी परत बोलवा, नाही आवडलं तर त्याच्या वडिलांना तसं स्पष्ट सांगा.