सारण आत राहिलं पाहिजे

सोलापुरात मे महिन्यात ओव्हन विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकाकडे दुकानदार दोनदा बघतो. एकदा कौतुकानं, एकदा काळजीनं. पारा बेचाळिशी ओलांडून बसलेला, सकाळी गच्चीवर टाकलेल्या कुरडया संध्याकाळी खडखडीत, आणि हा गृहस्थ पैसे मोजून घरात आणखी एक भट्टी नेतोय! असला विचार अस्सल सोलापुरी डोक्यात उगवत नाही. तो पुण्याहून यावा लागतो. आमच्याकडे तो लेकीबरोबर आला. सारण भरलेली बिस्किटं आणि तळहाताएवढ्या पेस्ट्र्या घरी करायच्याच, असा संकल्प सोडून ती रजेवर आली होती. सोबत ग्रॅमवर चालणारा वजनकाटा. ज्या स्वयंपाकघरात आजवर ‘मावेल तेवढं’ हेच एक माप चालत आलं, तिथं हा काटा पाहून डबेसुद्धा बिचकले.

पाककृतीची पहिलीच ओळ अशी: लोणी खोलीच्या तापमानाला आणून घ्या. कुणाच्या खोलीच्या? लिहिणाऱ्या बाईंच्या खोलीत बहुधा मे महिन्यातही सोलापुरी चादर पांघरावी लागत असावी. लोणी वितळतं ३२ ते ३५ अंशांच्या आसपास, आणि आमची खोली तर सकाळी दहालाच त्याच्या पुढे निघून जाते. फ्रीजबाहेर काढलेलं लोणी मऊ होण्याच्या पायरीवर थांबतच नाही, सरळ वाहायला लागतं. पेस्ट्रीचं तर आणखी अवघड. पिठाच्या घडीत लोणी थंडगार राहिलं, तरच भट्टीत त्यातल्या पाण्याची वाफ होऊन पदर उचलले जातात. इथं ते आधीच पिठात जिरतं आणि उरलेलं ओट्यावरून खाली उतरतं. शेवटी पहाटेचा मुहूर्त निघाला. पण सोलापुरातली पहाट ही पाण्याची. नळ काही दिवसांआड येतो, आणि आला की घरातलं प्रत्येक भांडं भरून ठेवणं हा धर्म. त्या पहाटे केकचे साचेही भरले गेले.

पदरांचा प्रश्न सोडवला तो शेजारच्या काकूंनी. आमच्या गल्लीत मराठी, कन्नड आणि तेलुगू अशा तीन भाषांत भांडणं होतात, पण करंजी तिन्ही घरांत होते. कुणी तिला करजिकाई म्हणतं, कुणी कज्जिकायलु. काकूंनी लोण्याचा डबा बाजूला सारला, तूप आणि तांदळाची पिठी फेसून साटा केला, लाटलेल्या पोळ्यांवर तो फासत एकावर एक रचल्या, वळकटी केली आणि काप पाडले. पिठी तुपाला धरून ठेवते, म्हणून साटा लोण्यासारखा पळत नाही. “हे तर आम्ही दर दिवाळीला करतोय की,” काकू म्हणाल्या. “तुमच्या त्या फ्रेंच बायकांना कुणी सांगितलं?”

मग सारण. लेकीनं आधी जॅम भरला. ओव्हनमध्ये जॅममधलं पाणी उकळलं आणि जॅम मिळेल त्या फटीतून बाहेर पडला. ट्रेची दशा पाहून आमच्या मातोश्री म्हणाल्या, “काय करलालीस गं? पोटातलं असं ओठावर येऊ द्यायचं नसतं.” आणि तिथंच त्यांनी शेंगापोळीचा कायदा सांगितला. शेंगदाणे मंद आचेवर खरपूस भाजायचे. कूट बारीक करायचं. गूळ किसूनच घ्यायचा, कारण एक खडा राहिला तरी पोळी नेमकी तिथंच फाटते. सारणात पाण्याचा थेंब नको. गूळ तापून सैल होतो, पण कूट त्याला हलू देत नाही. कोरड्या तव्यावर सावकाश भाजलेली ही पोळी कडक होते आणि डब्यात बरेच दिवस टिकते, म्हणजे घरातली माणसं टिकू देतील तर.

सारण आत कसं ठेवायचं, या एका प्रश्नापायी अमेरिकेत जेम्स मिचेल नावाच्या गृहस्थांनी यंत्रच काढलं. नरसाळ्यात नरसाळं. आतल्यातून सारण, बाहेरच्यातून पीठ, दोन्ही एकदम बाहेर. १८९१ मध्ये त्यावर अंजिराची बिस्किटं निघू लागली आणि मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूटन गावावरून त्यांना न्यूटन हे नाव पडलं. मी मोठ्या उत्साहानं हे सगळं आईला ऐकवलं. तिनं एवढंच विचारलं, “आणि ते आतलं नरसाळं घासतं कोण?”

घरात ओव्हन नव्हता म्हणून आमच्या लहानपणी बिस्किटांवाचून कुणाचं अडलं नाही. सुट्टी लागली की मैदा, पिठीसाखर, डालडा आणि पत्र्याचा मोकळा डबा सायकलला बांधून बेकरी गाठायची. नंबर लावायचा. भट्टीवाला डोळ्यांदेखत पीठ मळायचा, यंत्राच्या नक्षीदार तोंडातून पत्र्यावर लांबच लांब पट्ट्या पाडायचा आणि लांब दांड्याच्या फळीनं पत्रे भट्टीत सारायचा. आपला डालडा दुसऱ्याच्या पिठात जात नाही ना, यावर घरचं एक माणूस डोळ्यांत तेल घालून बसलेलं असे. भट्टीच्या धगीत दोन तास घामाघूम होऊन मिळवलेलं बिस्कीट चहात बुडवताना माणूस फार सांभाळून बुडवतो. बटण दाबून झालेल्या बिस्किटाला ती इज्जत नाही.

या सगळ्यात माझा वाटा होता अभिमानाचा. मी म्हटलं, मैदा कशाला? आपली मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी घ्या, तिला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. पण ज्वारीला मानांकन असलं तरी ग्लुटेन नसतं. पातळ कडक भाकरी चावताना कडाकड मोडते, तिथं हा गुण. सारण भरून कडा मिटायला गेलं की पारी तडकते, तिथं अवगुण. लेकीनं निम्मी कणीक मिसळली आणि माझा अभिमानही त्याच प्रमाणात कमी केला.

अखेर १८० अंशांवर ट्रे आत गेला. वरून ज्वारी-कणकेची पारी, आत शेंगा-गुळाचं सारण. बिस्किटं सोनेरी होऊन बाहेर आली. एकही फुटलं नव्हतं. सगळं घर आईच्या तोंडाकडे बघत उभं. तिनं एक मोडलं, आत बघितलं, खाल्लं, दुसरं उचललं.

“चांगलंय की,” ती म्हणाली. “शेंगापोळीच हाय. फक्त लहान, आणि वर लाइट बिल.”

लेकीचं तोंड उतरायच्या आत तिनं तिसरं घेतलं. “आता बिल येणारच हाय, तर पुढचा ट्रे शेंगाचटणीचा लाव. दह्यासंगट रात्रीचं जेवण तरी भागेल.”