पैसे भरून पळणारी लेक

निशी-कासाई, तोक्यो
डिसेंबर

ती. आबा आणि माय यांना,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर आबांनी विचारलं, "पैसे भरून पळायचं? मग बक्षीस किती?" आणि तेवढ्यात रेंज गेली. उत्तर मेसेजमध्ये मावणारं नाही, म्हणून हे पत्र. माय, आबांना चष्मा लावायला सांग आणि मोठ्यानं वाचून घे.

आपल्याकडं पळणं म्हणजे भरती. पहाटे धरणाच्या रस्त्यानं पोरं पळतात ती पोलिसात जायला. पोरांना 1600 मीटर, पोरींना 800. एकदा नंबर लागला की पळणं बंद आणि पोट चालू. इथं सगळं उलट. नोकरी लागून पोट सुटलं की माणसं पळायला लागतात, आणि त्यासाठी फी भरतात. तोक्यो मॅरेथॉनला तर फी भरायची तयारी असली तरी भागत नाही. अर्ज इतके येतात की म्हाडाच्या घरांसारखी सोडत काढावी लागते. माझं नाव निघालं नाही. 42 किलोमीटर पळावं लागणार नाही म्हणून माणसं हळहळताना मी इथंच पाहिली, आणि आबा, त्यात मी पण होते.

इथल्या राजवाड्याभोवती पळायचा मोठा रिवाज आहे. खंदकाच्या कडेनं एक फेरी 5 किलोमीटरची. ऑफिस सुटलं की टाय सोडून साहेब लोक तिथं घाम गाळतात. सगळ्यांनी घड्याळाच्या उलट्या दिशेनं पळायचं असा संकेत आहे. म्हणजे माय, उलटी प्रदक्षिणा! पहिल्या फेरीला मी मनातल्या मनात औंढ्याच्या नागनाथाची माफी मागून घेतली. आणि आबा, सम्राटाच्या राजवाड्याचा वेढा 5 किलोमीटर, पण आपल्या सिद्धेश्वरच्या धरणाची नुसती भिंतच सहाच्या वर भरते. ही गोष्ट मी इथं बऱ्याच जणांना सांगितली. ते आदरानं वाकतात आणि पुढं पळून जातात.

आता शर्यतीचं. पहिला नंबर काढणारी पोरं सुरुवातीलाच दिसेनाशी होतात, त्यांच्याशी माझं भांडण नाही. माझी शर्यत असते पुढच्या हिरव्या टोपीच्या आजोबांशी. वय सत्तरच्या पुढं, पायाच्या काड्या, आणि चाल अशी की पालखीला निघालेत. मी त्यांना गाठते. पाणी प्यायला थांबते. आजोबा पाणी न पिता पुढं जातात. मी पुन्हा गाठते. शेवटच्या वळणावर ते माझ्याकडं बघून हसतात, लवून नमस्कार करतात आणि निघून जातात. ज्याला आपण हरवायला निघालोय त्यानं नमस्कार केला की पायातलं बळच जातं. मला वाटतं हा त्यांचा डाव असावा. असूया, वैर, ईर्षा जे काय म्हणायचं ते सगळं मला त्या चार-दोन पावलांच्या अंतरात कळलं. ऑफिसात इतक्या वर्षांत एवढं कुणाबद्दल वाटलं नव्हतं.

तुम्हाला कानाकुरी शिझोंची गोष्ट सांगायलाच पाहिजे. 1912 साली स्टॉकहोमच्या ऑलिंपिकला जपानतर्फे मॅरेथॉन पळायला गेलेला हा गडी. जहाजानं, मग रेल्वेनं सैबेरिया ओलांडून पोचला. शर्यतीच्या दिवशी ऊन असं की परभणीच्या मे महिन्यात शोभावं. अर्ध्या वाटेत याचा जीव कासावीस झाला. एका बागेत माणसं सरबत पीत बसली होती, हा तिथं शिरला, सरबत प्याला, आणि शर्यतीकडं परत गेलाच नाही. कुणाला न सांगता मायदेशी परतला. स्वीडनच्या दप्तरी बरीच वर्षं 'बेपत्ता'! पुढं 1967 साली त्यांना सन्मानानं बोलावून ती शर्यत पुरी करायला लावली. वेळ नोंदली गेली 54 वर्षं, 8 महिने, 6 दिवस, 5 तास, 32 मिनिटं आणि वर 20.3 सेकंद. मध्यंतरी सहा मुलं, दहा नातवंडं झाली. मला त्या पॉइंट तीनचंच जास्त कौतुक वाटतं.

हेच कानाकुरी 1920 च्या अँटवर्पच्या ऑलिंपिकला पुन्हा पळाले आणि सोळावे आले. त्याच शर्यतीत एकोणिसावा कोण आला ठाऊक आहे? आपल्या बेळगावचे फडेप्पा चौगुले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींतून निवडून गेलेले. दोघांत अंतर जेमतेम दोन मिनिटांचं! हे वाचल्यापासून हिरव्या टोपीला मी चौगुल्यांच्या वतीनं गाठायला बघते.

आता तुमच्या जावयांचं. त्यांना पळायचं नाही, त्यांना फुजी पर्वताचा फोटो पाहिजे. हवा स्वच्छ असली तर थंडीतल्या सकाळी आमच्या इथल्या आराकावा नदीच्या बांधावरून फुजी दिसतो, शंभरेक किलोमीटरवरून, नखाएवढा. पण यांना बुलेट ट्रेनमधूनच काढायचा. तोक्योहून ओसाकाकडं जाताना उजव्या हाताला 'ई' अक्षराची खिडकी, आणि सुटल्यापासून पाऊण तासाच्या आत डोळे उघडे ठेवायचे, एवढी तयारी त्यांनी परीक्षेसारखी केली होती. गाडी ताशी अडीचशेच्या वर. फोटोत काय आलं? विजेचा खांब. बोगदा. काचेत यांचं स्वतःचं नाक. फुजी गावात कागदाच्या गिरण्या आहेत, त्यांतल्या एका चिमणीचा मात्र इतका सुंदर फोटो आलाय की गिरणीवाल्यानं दिवाळी अंकाला जाहिरात द्यावी.

हसू नका, सगळं जग याच नादात आहे. 2024 च्या मे महिन्यात फुजीजवळच्या फुजीकावागुचिको गावात एका दुकानामागं डोंगर दिसतो म्हणून एवढी गर्दी लोटायची की गावानं रस्त्याकडेला अडीच मीटर उंच काळी जाळी ताणली. थोड्याच दिवसांत जाळीला मोबाइलच्या कॅमेऱ्याएवढी भोकं पडली. म्हणजे आपली माणसं आणि ही माणसं, फार फरक नाही.

माय, तू विचारशील, हात तरी जोडले का. जोडले. इथंही डोंगराला देव मानतात. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला आपण अंग चोरून खाली भुयारासारख्या गाभाऱ्यात उतरतो. हा देव 3776 मीटर उंच, म्हणजे आपल्या धरणासारख्या शंभरेक भिंती एकावर एक, तरी ढगाचा पदर ओढून बसतो. गेल्या महिन्यात त्याच गावातल्या कावागुचिको तळ्याकाठी मी मॅरेथॉन पळाले. त्या दिवशी ढग नव्हता. माणसं पळता पळता थांबून फोटो काढत होती, आणि मी घड्याळाकडं बघत त्यांना मागं टाकत होते. सहा तासांची मुदत असते, मागून गाडी येते. डोंगर डाव्या हाताला होता की उजव्या, मला सांगता येणार नाही. हे तळ्याच्या वळणावर सकाळपासून कॅमेरा रोखून उभे होते, बायको आणि फुजी एका चौकटीत धरायला. फोटो आलाय. फुजीच्या बर्फाची एकेक घडी मोजून घ्यावी असा. त्याच्यापुढं एक पिवळट धुरकट डाग आहे, ती मी. यांनी तो मोठा करून हॉलमध्ये लावलाय. पाहुण्यांना वाटतं पतंग आहे.

तर आबा, बक्षीस: एक टॉवेल, एक मेडल. टॉवेल चांगला आहे, तुमच्यासाठी ठेवलाय.

फेब्रुवारीत येतोय. धरणाच्या भिंतीवर सकाळी पळू देतात का, हे पाटबंधारेवाल्यांना विचारून ठेवा. भरतीची पोरं सोबत असली तर बरं, पण त्यांना माझी वेळ सांगू नका. यांनी विचारलंय, तिथून फोटोजोगं काय दिसतं. मी म्हटलं औंढ्याकडची टेकाडं, आणि ती बघायला 'ई' नंबरची सीट लागत नाही.

तुमची,
लेक

ता. क. इथं ऑफिसच्या पार्टीआधी दारू बाधू नये म्हणून हळदीच्या पाण्याची छोटी बाटली पितात, दुकानादुकानात मिळते. वसमतच्या मोंढ्यातल्या आपल्या हळदीच्या अडत्याला कळवा. फक्त मायसमोर नको.