दुसऱ्याचं ते ओतीव

नाणेभाऊंच्या टेबलावर नाणं ठेवलं की ते आधी नाण्याकडे बघत नाहीत, आणणाऱ्याकडे बघतात. "कोठून आणलं?" तुम्ही "आजीच्या पेटीतून" म्हणालात की संपलं. "पेटीतून निघते ते सारं ओतीवच रायते, राज्या." निकाल लागला. मग भाऊ नाणं चिमटीत धरतात, कारण निकालाला पुरावा लागतो.

हा स्वभाव समजायचा तर त्यांची नोकरी समजली पाहिजे. खापरखेड्याच्या वीजकेंद्रात २१० मेगावॉटचे चार संच आणि ५०० चा एक. या पाच पोटांत जाणाऱ्या कोळशाचे नमुने तपासण्यात भाऊंची उमर गेली. आपल्याकडच्या कोळशात मुळातच तीस-चाळीस टक्के राख. त्यात दगड, माती, पावसाळ्यात पाणी. समोर आलेला माल सांगितला तसा नाहीच, असं धरून चालण्याचा पगार मिळायचा. निवृत्तीनंतर कोळसा सुटला, संशय राहिला. रिकामा संशय घरात बसून करणार काय? थोडे दिवस तो वहिनींच्या भाजीवाल्यावर होता, मग नाण्यांवर आला. वहिनींनी या छंदाला कधी विरोध केला नाही, त्याचं कारण हेच असावं.

आता वीजकेंद्राच्या वसाहतीत, बाजारात, सिल्लेवाड्याच्या कोळसा खाणीपर्यंत कोणाला जुना पैसा सापडला की तो भाऊंकडे येतो आणि खट्टू होऊन परत जातो. भाऊंना येतं मात्र सगळं, हे कबूल केलं पाहिजे. व्हिक्टोरियाचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, हे ते झोपेतही सांगतील. भिंगाखाली ठेवून ते पोरांना दाखवतात, ओतीव, म्हणजे साच्यात ओतलेल्या नकली नाण्याच्या अंगावर बारीक पुळ्या कशा असतात, कडेला दोन अर्धे जोडल्याची रेघ कशी घासून घालवलेली असते, अक्षरं कशी साबणावर उठवल्यासारखी गुळगुळीत दिसतात. टाकसाळीत ठोकलेल्या नाण्याची अक्षरं धारदार असतात. झिजली तरी त्यांची मुळं ताठ राहतात. पुरलेलं वाटावं म्हणून नकली नाणं शेणामातीत दाबून ठेवतात, तेही भाऊ नुसत्या वासावरून ओळखतात, असं ते स्वतः सांगतात.

१९३९ चा चांदीचा रुपया घेऊन कोणी आलं तर भाऊंची दिवाळी. सहाव्या जॉर्जचा हा रुपया दुर्मीळ, भाव चढा. म्हणून १९३८ चा साधा रुपया घेऊन त्याच्या आठाचं खालचं डावं वळण खरवडतात, की झाला नऊ. नाणं खरं, चांदी खरी, राजा खरा, खोटा फक्त एक आकडा. अशा रुपयावर भाऊंचा खास राग. "पूर्ण नकली परवडलं, बे! हे म्हणजे दाखल्यावरची जन्मतारीख खोडणं झालं."

एकदा एक पोरगा रडवेला होऊन आला. त्याच्याकडचा वाघ छापलेला १९४७ चा रुपया चुंबकाला चिकटला होता आणि मित्रांनी तो खोटा ठरवला होता. भाऊंनी त्याला जवळ बसवलं. तो रुपया निकेलचा, आणि निकेल चुंबकाला चिकटतंच. चिकटला नसता तर खोटा. उलट चांदीच्या नावाखाली खपणारी जर्मन सिल्व्हरची नाणी तांबं, जस्त आणि निकेलची असूनही चुंबकाला हुंगतसुद्धा नाहीत. भाऊंच्या हातून अस्सल ठरलेलं दुसऱ्याचं नाणं मी तेवढं एकच पाहिलं. तेही चुंबकाला हरवण्याची संधी होती म्हणून.

रामटेकच्या यात्रेतून कोणी रामटंका आणला, की भाऊंना बोलायला अर्धा तास पुरत नाही. एका बाजूला रामदरबार, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी, साल १८१८, कधी तर थेट १६१६. "कंपनीनं कधी रामराया छापला होता काय? तिले महसुलातून फुरसत होती?" कंपनीनं रामदरबाराची असली नाणी कधीच पाडली नाहीत, हे खरंच. हीच नाणी पुढे 'तांदूळ खेचणारी' चमत्कारी म्हणून लाखो रुपयांना विकतात, आणि घेणाऱ्यांत शिकलेली माणसं असतात. वैष्णोदेवीच्या पाच-दहा रुपयांच्या नाण्याला लाखो मिळतील असा फोन कोणाला आला, तर रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये दिलेल्या इशाऱ्याचं कात्रण भाऊ खिशातून काढतात: जुन्या नाण्यांच्या विक्रीसाठी बँक कोणाकडूनही शुल्क किंवा कमिशन मागत नाही. नागपूरला अजब बंगल्यात नेलं, तर काचेमागच्या नाण्यांपुढेही त्यांची मान नकारार्थी हलते. "काचेतून वजन कसं समजन?"

हे झालं दुसऱ्यांच्या नाण्यांचं. स्वतःची नाणी भाऊ लाल कापडाच्या बटव्यात ठेवतात, आणि तो सुटला की काटा, भिंग, चुंबक सगळं आपोआप खणात जातं. बटव्यातली नाणी मोजायची नसतात, ऐकायची असतात. बटव्याचा मानकरी शिवरायांचा होन. 'श्री राजा शिव', 'छत्रपती', सगळं जागच्या जागी. अस्सल होन भरतो पावणेतीन ग्रॅमच्या आसपास; हा हातालाच चारच्या वर वाटतो. एकदा मी तसं म्हणालो. भाऊ शांतपणे म्हणाले, "राज्याभिषेकाचं वरीस होतं. महाराज काय काटा घेऊन बसले अशीन?"

दुसरं एक चांदीचं नाणं आहे. त्यावर दोन वेगवेगळे ठसे एकमेकांच्या अंगावर पडलेत, वाचता एकही येत नाही. हे कोणीतरी घरी बसून ठोकलंय, असं कॉलेजातल्या एका मुलीनं सुचवून पाहिलं. भाऊंनी तिला थेट नाशिकला नेलं. तिथल्या जोगळटेंभीला १९०६ मध्ये नहपान क्षत्रपाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली, आणि त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा मारला होता. "हरलेल्या राजाच्या तोंडावर जितलेल्यानं शिक्का ठोकला! मंग ते बनावट काय?" मुलगी गप्प झाली. इतिहास बिनचूक होता, फक्त त्याचा त्या नाण्याशी संबंध नव्हता.

होनाची गोष्ट मात्र भाऊ दर वेळी नव्यानं सांगतात. वारेगावच्या राखेच्या बंधाऱ्याकडे खोदकाम चालू होतं, जेसीबीच्या दात्याला मडकं लागलं, चालकानं रातोरात भाऊंचं दार वाजवलं. मडक्याचा आकार ऐकणाऱ्यांच्या संख्येवर ठरतो. गणपतीत मंडळाच्या पोरांसमोर तो रांजण झाला होता.

परवा ही गोष्ट रंगात आली असताना शेजारच्यांचा जावई येऊन बसला. तलाठी आहे, नवीन आहे, म्हणून अजून कायदे आठवतात. मडकं ऐकून तो सावरून बसला. "काका, १८७८ चा निखात निधी कायदा आहे. जमिनीत दहा रुपयांच्या वरचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. लपवलं तर वर्षापर्यंत कैद. पंचनामा करावा लागेल."

भाऊंनी खण उघडला. काटा काढला, भिंग काढलं, होन बटव्यातून उचलून प्रथमच काट्यावर ठेवला.

"पाय, चार पॉइंट एक. कडेले जोडरेघ हाय. अंगावर पुळ्या हायेत. ओतीव हाय, जावईबापू, चक्क ओतीव! इतवारीच्या फुटपाथवर तीनशे रुपयाले घेतला होता."

जावयानं नाणं उलटसुलट केलं, चहा संपवला, गेला. फाटक वाजल्याचं ऐकून भाऊंनी काटा बंद केला.

"वहिनीले सांग, याचे सेल बदलवा लागते. उतरले दिसते. चार काऊन दाखवून रायला?"