चोरदरवाजाच्या कारागिरास

श्रीयुत प्लगइनकार यांस,



आपला-माझा परिचय नाही. मी भोरमध्ये बसून राजगड-तोरण्याच्या पायथ्याच्या लोकांच्या वेबसाइट सांभाळतो. कुणाचं घरगुती जेवण, कुणाचे तंबू, कुणाचा इंद्रायणी तांदूळ. बुकिंग घेण्यासाठी आपलं फुकटचं प्लगइन मी डोळे झाकून बसवलं होतं. नावापुढे पाच चांदण्या होत्या आणि खाली नम्र विनंती होती की काम आवडल्यास चहापुरते पैसे द्यावेत. मी दिलेही. तो चहा आपल्याला लाभला असेल अशी आशा आहे.

गेल्या पावसाळ्यात गुंजवण्याच्या एका मावशींच्या मुलाचा फोन आला. "दादा, आपण बूट कधीपासून विकायला लागलो?" गूगलवर पाहतो तर मावशींच्या नावाखाली पानंच्या पानं जपानी लिपीत, सगळी बुटांची नि घड्याळांची. पिठलं-भाकरीचा पत्ता नाही. सर्व्हरच्या नोंदी चाळत बसलो तेव्हा पाहुणा कुठून आत शिरला ते कळलं. आपल्या प्लगइनमध्ये 'किती जण येणार' असा एक रकाना आहे ना, तिथून.

आपल्याला वाटेल, काय अफाट डोक्याचा हॅकर असेल! नाही हो. मावशींकडे ट्रेकरांचे गट आधी चिठ्ठी पाठवतात, इतकी ताटं, इतक्या वाजता. समजा एखाद्या वात्रट पोराने ताटांच्या जागी लिहिलं, '४, आणि गल्ल्यातले पैसे चिठ्ठी आणणाऱ्याकडे द्यावेत', तर मावशी काय करतील? चार ताटं वाढतील आणि त्या पोराला खरकटी भांडी घासायला बसवतील. आकडा वेगळा, हुकूम वेगळा, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. आपलं प्लगइन मात्र गल्ला उचलून हातात देतं आणि वर 'आपल्या बुकिंगबद्दल धन्यवाद' असं म्हणतं. कारण रकान्यात जे येईल ते आपण जसंच्या तसं डेटाबेसच्या हुकमाला चिकटवलंत. मग आकडा कुठे संपला नि हुकूम कुठे सुरू झाला, हे त्या बिचाऱ्या डेटाबेसला कसं कळावं?

याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. आपल्या कानावर आलं नसेल तर दोष आपला नाही, बातमी फारच ताजी आहे. जेफ फॉरिस्टल यांनी 'रेन फॉरेस्ट पपी' या टोपणनावाने ती डिसेंबर १९९८ मध्ये 'फ्रॅक' या हॅकरांच्या नियतकालिकाच्या ५४ व्या अंकात लिहिली होती. साइट बांधायच्या वर्डप्रेस या प्रणालीचा जन्म २००३ चा, म्हणजे आपण ज्या झाडावर घरटं बांधलंत त्या झाडापेक्षा ही कीड जुनी. औषधही जुनंच. हुकमात जागा राखून ठेवायची, माहिती वेगळी द्यायची आणि ती सुरक्षितपणे बसवायचं काम 'प्रिपेअर'वर सोपवायचं. वर्डप्रेसमध्ये ही सोय २००७ च्या २.३ आवृत्तीपासून आहे. आपल्या कोडमध्ये 'प्रिपेअर' दिसलं तेव्हा माझा ऊर भरून आला होता. पुढे वाचलं. रकान्यातला मजकूर आपण आधीच वाक्यात कालवला होता आणि मग ते अख्खं वाक्य 'प्रिपेअर'च्या हाती दिलं होतं. आमटी उकळल्यावर डाळीतले खडे निवडायला बसणारा माणूस मी प्रथमच पाहिला.

चोराच्या चिकाटीचं मात्र कौतुक करावंसं वाटतं. पानावर त्याला काहीच दिसत नव्हतं. म्हणून तो डेटाबेसला विचारी, पासवर्डच्या नोंदीतलं पहिलं अक्षर अमुक असेल तर पाच सेकंद झोप. पान लगेच उघडलं तर नाही, पाच सेकंद रखडलं तर हो. मग दुसरं अक्षर, मग तिसरं. मुक्या पहारेकऱ्याने नुसत्या डुलक्या घेत कोठाराचा सगळा हिशेब सांगून टाकावा, तशी ही चौकशी रात्रभर चालली. वेल्ह्याकडची रेंज अशी, की पान रखडलं म्हणून कुणाला संशय येण्याचा प्रश्नच नव्हता. नोंदीत असतो तो पासवर्डचा भुगा, त्यावरून मूळ पासवर्ड ओळखणं अवघड. पण मूळच 'तोरणा१२३' असेल तर काय अवघड? तो ओळखून चोर सरळ आत आला आणि बुटांची पानं मांडून बसला. तो पासवर्ड माझा. तेवढं पाप माझ्या खात्यावर मांडा.

आपण एकटे नाही, तेव्हा मन लहान करू नका. ज्या मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायला मंजुरी दिली, त्याच महिन्यात दहा लाखांहून जास्त साइटवर बसलेल्या 'लेयरस्लायडर' या प्लगइनमध्ये हेच भोक सापडलं. तिथेही झोपेचीच युक्ती लागू पडत होती. फरक इतकाच की त्यांनी दोन दिवसांत दुरुस्ती बाहेर काढली. ड्रुपल या वर्डप्रेसच्या भाऊबंदाची कथा तर आपल्याला दिलासा देईल. १५ ऑक्टोबर २०१४ ला त्यांनी जी चूक दुरुस्त केली, ती इंजेक्शन रोखण्यासाठी लिहिलेल्या कोडमध्येच होती. पण दोन आठवड्यांनी त्यांनी स्वतःच जाहीर केलं, की ज्यांनी सात तासांत दुरुस्ती बसवली नाही त्यांनी आपली साइट फुटली असंच धरून चालावं. आपणही जाहीर केलंत. मी तीन मेल पाठवल्यावर सात महिन्यांनी नवी आवृत्ती आली, आणि तिच्या नोंदीत दोन शब्द होते, 'किरकोळ सुधारणा'.

किरकोळ! दार नव्हतंच, ते बसवलं, याला आमच्याकडे सुधारणा म्हणत नाहीत. ज्यांनी 'किरकोळ आहे ना, बघू दिवाळीनंतर' म्हणून जुनीच आवृत्ती ठेवली असेल, त्यांना आपण काय कळवणार आहात?

राजगडालाही चोरदरवाजा आहे. गुंजवण्याहून चढलं की त्यातून अंग चोरून पद्मावती माचीवर जाता येतं. पण तो बांधणाऱ्याने जाणूनबुजून बांधला होता, आणि कुठे आहे हे त्याला ठाऊक होतं. संजीवनी माचीला तर दुहेरी, चिलखती तटबंदी, म्हणजे बाहेरचा तट पडला तरी आत दुसरा उभा. वर्डप्रेसमध्ये असला आतला तट नाही. तिथे सगळी प्लगइन एकाच डेटाबेस-खात्याच्या जोरावर चालतात, त्यामुळे ताटं मोजायला ठेवलेल्या आपल्या गड्याच्या कमरेला पासवर्डांच्या कोठाराचीही किल्ली होती. हे माहीत असून आपण तो गडी तसाच उभा केलात, याला धाडसच म्हणायला हवं.

साइट आता धुऊन-पुसून पुन्हा उभी केली आहे. आपलं प्लगइन काढलं, बुकिंग फोनवर घेतो. जपानी पानं मात्र गूगलच्या आठवणीतून जायला वेळ लावताहेत. ती पाहून मावशींनी एक चौकशी करायला सांगितली आहे. जपानी पाहुण्यांचा गट आलाच, तर माणशी किती भाकऱ्या धराव्यात? त्यांना इकडची वाट आपणच दाखवलीत, तेव्हा उलट टपाली कळवावे.

आपला,
चहाचे पैसे दिलेलं एक गिऱ्हाईक