या हप्त्याला काय बघावं?

भोकरमध्ये डॉक्टर, वकील आणि ज्योतिषी सल्ल्याचे पैसे घेतात. काय बघावं, काय वाचावं हा सल्ला मात्र दर हप्त्याला फुकट आणि घरपोच मिळतो. सल्ला देणारा पुढच्या बाजाराला वसुलीला येतो, "बघितलं का?" हो म्हणावं तर लगेच उलटतपासणी, "शेवट कसा वाटला?"

कटिंगच्या दुकानातली शिफारस बहुतेक तेलुगू सिनेमाची. तेलंगणाची हद्द जवळ, त्यामुळं हिंदीत डब केलेला बघणारा तिथं लिंबूटिंबू. आमचे निवृत्त गुरुजी मात्र पारितोषिक बघूनच बोलतात. चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि गुरुजींनी तो माझ्या गळ्यात मारला. घरच्यांना घेऊन बसलो. लोकशाहिरावरचा खटला. कॅमेरा एकदा बसला की जागचा हलत नाही. आई वरणाला फोडणी देऊन आली तरी पुढची तारीख पडायचीच होती. शेवटाकडं कोर्टातले दिवे बंद होतात आणि पडदा काळाकुट्ट. थोडा वेळ कुणीच बोलेना. मग आई म्हणाली, "लाइट गेली वाटतं." पंखा तर गरगर फिरत होता! गुरुजींना मी "शेवट फार परिणामकारक" एवढंच कळवलं.

पुस्तकांच्या बाबतीत आमच्या जिल्ह्याचं घराणं मोठं. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात नरहर कुरुंदकर होते. रणजित देसाईंच्या 'श्रीमान योगी'ला त्यांनी अशी भरभक्कम प्रस्तावना लिहिली, की तेवढीच वाचून कादंबरी मिटणारे लोक मी बघितलेत. १९८२ साली कुरुंदकर गेले. त्यांचं काम आम्ही आपापल्या वकुबानं पुढं नेतोय, म्हणजे पुस्तक न वाचता.

वाचनालयात विचारायची तर सोयच नाही. "हे न्या, कुणीच नेत नाही," ही तिथली शिफारस. पण प्रामाणिक! नाहीतर बाकी सगळे "एकदम भारी, चुकवू नका"वाले. "मधे मला डुलकी लागली, पण पुढं बरंय," असं सांगणारा भेटला तर त्याला चहा पाजावा आणि त्याचंच ऐकावं.

तर या हप्त्याला माझ्याकडून व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी'. १९५५ ची आहे, लहानशी आहे, दोन बैठकांत संपते. पुढं अमोल पालेकरांनी तिच्यावर सिनेमाही काढला. आणि मुख्य म्हणजे, ही मी खरंच वाचली आहे.